मले काही नाही झालं

नंदनवन, नागपूर

प्रिय गड्या,

मोठेबाबांच्या लकव्याचं फोनवर अर्धवटच सांगितलं होतं. त्या दिवशी सकाळी ७ वाजता चहा पिताना त्यांच्या हातातून बशी निसटली. ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून चहा सदऱ्यावर ओघळत होता, पण त्यांना पत्ताच नाही. मोठी आई म्हणाली, "रात्री झोप नाही झाली, पडा जरा." ते जड जिभेनं म्हणाले, "मले काही नाही झालं." आणि आम्ही ऐकलं! कोणी तेल चोळलं, एका शहाण्यानं तर कबुतराचं रक्त सुचवलं. दवाखान्यात पोचेपर्यंत १ वाजला.

डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, "शेवटचे ठणठणीत कधी होते?" मेंदूच्या रक्तवाहिनीतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आत द्यावं लागतं, तेही मेंदूत रक्तस्राव नाही हे सीटी स्कॅनवर पाहून. आमचे सहा तास तेल चोळण्यात गेले. मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली, तर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात म्हणे. बीपीची गोळी त्यांनी 'बरं वाटते' म्हणून महिनाभर आधीच सोडली होती, तेही तिथंच कळलं.

लकवा झालेल्याला स्वतःला झालेलं कळेलच असं नाही. म्हणून आता मी घरातल्यांनाच धरतो. परवा मोठ्या आईच्या भिशीत गेलो. "हसून दाखवा, तोंड वाकडं होते का बघा," म्हटलं तर बायका खरंच हसत सुटल्या. मग दोन्ही हात समोर धरायला लावले, एखादा खाली घसरतो का ते बघायला. "बुधवार बाजारातून संत्री आणली" हे वाक्य प्रत्येकीकडून वदवून घेतलं. यातलं एक जरी बिघडलं तरी घड्याळ बघायचं, १०८ लावायचा. पाणी पाजायचं नाही, घोट श्वासनलिकेत जाऊ शकतो. अ‍ॅस्पिरिन आपल्या मनानं द्यायची नाही. आणि दहा मिनिटांत सगळं ठीक झालं तरी जायचंच. या शेवटच्या गोष्टीवर सगळ्यात जास्त वाद झाला.

तुझ्या बाबांचं बीपी शेवटचं कधी मोजलं? कळव.

मोठेबाबांचा डावा हात आता खांद्यापर्यंत उठतो. नातू रोज शाळेत जाताना फर्मावतो, "आबा, दात दाखवा!" ते कवळी काढून त्याच्या हातात देतात.

तुझाच,
गल्लीतला जुना पार्टनर