दूध संघाच्या संगणक विभागातून, विश्रामबागच्या सरांना

सर, स.न.वि.वि.

या वेळची दहा दिवसांची बिलं वेळेत निघाली. संस्थांच्या दूधनोंदी डेटाबेसमध्ये भरायला फार वेळ लागायचा, ते दुखणं तुम्ही काढलंत. आभार फोनवरही मानता आले असते. पण सांगली-मिरजेत हेच दुखणं घेऊन बसलेले संगणक विभाग आणखीही असतील, म्हणून हे उघड पत्र.

तुमच्या आधी जे येऊन गेले, त्यांच्याबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. एकाने सर्व्हरला ३२ जीबी रॅम टाकायला लावली. आपल्याकडे एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसची फुकटची एक्सप्रेस आवृत्ती चालते आणि ती डेटाच्या पानांसाठी १,४१० एमबीच्या वर मेमरी घेतच नाही, हे त्याने पैसे घेण्याआधी पाहिलं नाही. दुसऱ्याने ‘डेटा वाढलाय’ म्हणून थेट नव्या मशीनचं कोटेशन ठेवलं.

तुम्ही कोरा कागद मागितलात आणि गुणाकार मांडलात. ३०० संस्था, संस्थेमागे १०० सभासद धरू, सकाळ आणि संध्याकाळ, १० दिवस. झाल्या ६ लाख ओळी, म्हणजे नोंदी. प्रत्येक ओळीला वेगळा इन्सर्ट (नोंद भरणं), वेगळा कमिट (ती पक्की करणं). कमिट म्हणजे लॉग (बदलांची नोंदवही) डिस्कवर उतरेपर्यंत थांबणं आलं. ७,२०० आरपीएमच्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. फेरीमागे एक कमिट धरला तर साधारण ८३ मिनिटं नुसती वाट पाहण्यात जाणार. त्यात रॅम काय करणार, कपाळ?

आणि खरा चोर तर दुसराच निघाला. दुबार नोंद आहे का ते पाहणारी क्वेरी दर ओळीमागे चालायची. टेबलातला सभासद कोड व्हारकार (साधा मजकूर), आणि प्रोग्राममधून अ‍ॅडविथव्हॅल्यूने (प्रकार न सांगता किंमत पाठवणारी आज्ञा) जाणारी किंमत एनव्हारकार (युनिकोड मजकूर, ज्यात देवनागरीही मावते). आपल्यासारख्या जुन्या एसक्यूएल कोलेशनमध्ये (अक्षरांची तुलना ठरवणाऱ्या नियमांत) मग सर्व्हर प्रत्येक नोंदीचा कोड बदलून बघत बसतो आणि इंडेक्स (नोंद चटकन सापडावी म्हणून केलेली सूची) असूनही तो अख्खा चाळतो. टेबल जितकं मोठं, तितकी प्रत्येक ओळ महाग. म्हणजे ‘डेटा वाढलाय’ म्हणणारा अर्धा बरोबर होता, फक्त त्याच्या नव्या मशीनवर हेच दुखणं काही महिने उशिरा उठलं असतं.

तुम्ही ती क्वेरीच काढलीत. आता संस्थांच्या फाइली बल्क कॉपीने (एकगठ्ठा भरून) एका कच्च्या टेबलात पडतात. त्याला ना इंडेक्स, ना ट्रिगर (ओळ पडताच आपोआप चालणारा प्रोग्राम), आणि सगळे कॉलम एनव्हारकार. टेबललॉक (भरताना अख्खं टेबल राखून ठेवणं) चालू, बॅचसाइझ (एका तुकडीतल्या ओळी) ५,०००, म्हणजे ६ लाखांच्या १२० तुकड्या. टाइमआउट (काम सोडून देण्याआधीची मुदत) मुळात ३० सेकंदांचा असतो, तो वाढवलात. अर्ध्यात वीज गेली तर आधीच्या तुकड्या टेबलात तशाच राहतात, म्हणून प्रत्येक आयातीच्या सुरुवातीला कच्चं टेबल ट्रंकेट, म्हणजे पूर्ण रिकामं. कॉलम नावाने जोडायला लावलेत, कारण जोडणी दिली नाही तर बल्क कॉपी क्रमाने भरत जाते. एखाद्या फाइलमध्ये फॅट आणि एसएनएफची (फॅट सोडून दुधातल्या बाकी घन पदार्थांची) जागा उलटी असेल तर ३.५ च्या जागी ८.५ बसतं, दोन्ही आकडेच असल्याने सर्व्हर हूं की चूं करत नाही, आणि गायीच्या दुधाला म्हशीच्या वरचं फॅट लागतं.

तिथून पक्क्या टेबलात एकच इन्सर्ट-सिलेक्ट (निवडून भरणं), नॉट एक्झिस्ट्स (आधी नसलेल्याच ओळी घेणारी अट) लावून, एका ट्रॅन्झॅक्शनमध्ये, म्हणजे झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही. संस्था, सभासद, तारीख, वेळ आणि जनावर यांवरचा युनिक (दुबार नोंद अडवणारा) इंडेक्स राहू दिलात, कुणी वापरत नव्हतं ते बाकीचे काढलेत. जुना ट्रिगर एकाच ओळीच्या हिशेबाने लिहिलेला होता. हजारो ओळी एकदम आल्यावर त्याने त्यातली एकच उचलली असती, म्हणून तोही नव्याने लिहिलात. लॉगची फाइल आधीच मोठी करून ठेवलीत, नाहीतर ती वाढताना शून्यं भरत बसते आणि तेवढा वेळ सगळं ठप्प.

इतपत काम आणखीही कुणी केलं असतं, निदान आम्ही तसं समजू. तुमचा ‘कारण’ कॉलम मात्र दुसऱ्या कुणाच्या डोक्यात आला नसता.

थेट पक्क्या टेबलात बल्क कॉपी केली की एका खराब आकड्यापायी अख्खी तुकडी नाकारली जाते, आणि निरोप येतो तो इंग्रजीत, कॉलमच्या प्रकाराबद्दल. ओळ कुठली, संस्था कुठली, पत्ता नाही. तुम्ही कच्च्या टेबलावर ट्राय_कन्व्हर्ट (मजकुराचा आकडा किंवा तारीख करून पाहणारी, न जमलं तरी काम न थांबवणारी आज्ञा) लावलंत. जे बदलत नाही ते ‘नाकारलेल्या ओळी’त, सोबत फाइलचं नाव, ओळ क्रमांक, मूळ मजकूर आणि कारण. फॅट मुद्दाम डेसिमलमध्येच (नेमक्या दशांशाच्या प्रकारात) तपासलंत. फ्लोट (अंदाजे दशांशाचा प्रकार) असतं तर रिकाम्या जागेचं गुपचूप शून्य झालं असतं, आणि सभासदाला शून्य फॅटचा दर. तारखेला १०३ ही शैली (दिवस, महिना, वर्ष) दिलीत, म्हणजे ०५/०६ ही ५ जूनच राहते.

आणि कारणं लिहिण्याआधी तुम्ही रात्रपाळीच्या ताईंना विचारलंत, ‘सचिवांना फोनवर तुम्ही हे कसं सांगता?’ त्या बोलल्या, तुम्ही तसंच टाइप केलंत. ‘फॅट भरलेली नाही.’ ‘आकडे मराठीत आहेत, इंग्रजीत टाका.’ ‘हा सभासद यादीत नाही.’ प्रत्येक वाक्याआधी एन (मजकूर युनिकोड आहे हे सांगणारं अक्षर) लावायला विसरला नाहीत, नाहीतर पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं आली असती. आता जत किंवा शिराळ्याच्या सचिवाला फोन लावून ताई ओळ वाचून दाखवतात, दुरुस्त फाइल त्याच रात्री येते, आणि एका संस्थेच्या चुकीसाठी बाकीच्यांची बिलं अडत नाहीत. खुर्चीवर कोण बसतं ते विचारणारा माणूस या धंद्यात विरळा. बहुतेक जण सर्व्हरच्या खोलीतून येतात आणि तिथूनच परत जातात.

पशुखाद्याच्या वजावटीची आयात अजून जुन्याच पद्धतीने, ओळीमागे कमिट करत चालते. पुढच्या बिलाआधी तीही कच्च्या टेबलातून न्यायची आहे. कारणांची यादी ताईंनी करायला घेतली आहे. तुम्हाला एकदा वाचून दाखवू.

आपला विनम्र,
संगणक विभाग