पुलीवाल्या काकांचे जाहीर आभार

ती. काकांस,
सा. न.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, तेव्हा सूनबाई हे वाचून दाखवतील या भरवशावर लिहितोय.

मावसभावाने न्यू जर्सीहून आणलेला जुना टर्नटेबल घेऊन मी गिरगावात तुमच्याकडे आलो, तोवर दोन ठिकाणी 'मोटर गेली, भंगारात काढा' हे ऐकून झालं होतं. ट्रान्सफॉर्मर ११० व्होल्ट चोख देत होता, तरी रेकॉर्ड रेंगाळायची. तुम्ही स्क्रू ड्रायव्हर उचललाच नाहीत. "आधी वाजव काहीतरी," म्हणालात.

मी लावलं बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसनचं 'वंडरवॉल म्युझिक'. सायकेडेलिक रेकॉर्डी जमवणाऱ्या मुंबईकराचा या एलपीवर जरा जास्तच जीव असतो. १९६८च्या जानेवारीत तिचा बराच भाग आपल्या फोर्टातल्या एचएमव्ही स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. संतूर शिवकुमार शर्मांचं, सरोद आशिष खाँचं, सनईवाल्यांत हनुमान जाधव. विलायती गिटारींना तुम्ही 'गोंगाट' म्हणता (म्हणा बापडे), पण सनई लागली आणि तुमची मान वर झाली. मोबाइलवर तेच गाणं लावायला सांगितलंत, दोन्ही ऐकलंत आणि म्हणालात, "सा हवा तिथे खालचा धैवत लागतोय. मोटर धडधाकट आहे तुझी."

मग रेकॉर्डच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवून घड्याळ लावून फेरे मोजलेत. मिनिटाला सव्वातेहतीसच्या वर हवेत, अठ्ठावीसही भरेनात. अमेरिकेची वीज ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० हेलकाव्यांची, आपली ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झला हात लावत नाही आणि ही मोटर तर हर्ट्झच्याच तालावर फिरते. म्हणजे वेग थेट एक षष्ठांशाने कमी. हे एवढं साधं गणित त्या दोन दुकानांत कुणालाच सुचू नये, याचं मला अजून नवल वाटतं.

लेथवर तुम्ही पितळेची नवी पुली, म्हणजे मोटरच्या दांड्यावरचं तबकडी फिरवणारं चाक, काढलीत, मूळ पुलीपेक्षा व्यासाने एक पंचमांश मोठी, म्हणजे गेलेला वेग भरून निघेल अशी, ३३ आणि ४५ फेऱ्यांच्या दोन्ही पायऱ्यांची. मध्ये मध्ये थांबून कॅलिपर लावत होतात, पुन्हा केसभर घासत होतात. शेवटी १८० रेघांची कागदी चकती फिरवून दाखवलीत. रेघा जागच्या जागी उभ्या, म्हणजे वेग बरोबर! आणि लुकलुकत्या उजेडातच त्या अशा थांबलेल्या दिसतात म्हणून घरभर एलईडी आले तरी टेबलावरची चोकवाली ट्यूब तुम्ही काढू दिलेली नाहीत, हे सूनबाईंच्या तक्रारीतून कळलं.

पैसे वाजवून घेतलेत, ते बरं केलंत. नाहीतर चोरबाजारात मटन स्ट्रीटवर सापडलेली, कोलकात्याच्या डमडम कारखान्यात छापलेली पिंक फ्लॉइडची रेकॉर्ड स्वच्छ करून घ्यायला पुन्हा यायला मला संकोच वाटला असता. तिच्यावरची पावसाळ्यातली बुरशी गेली. स्पिरिटचा बोळा लाखेच्या, ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डवर कधीही फिरवायचा नाही, हा दमही लक्षात आहे. आजोबांच्या नाट्यगीतांच्या रेकॉर्डी त्यामुळे वाचल्या.

आता मित्र पत्ता मागतात. त्यांच्याकडेही अमेरिकेहून आलेली, रेंगाळणारी यंत्रं आहेत. पण गिऱ्हाईक वाढलं की दुपारची झोप जाते, असं तुम्ही बजावलंय, म्हणून इथे नाव-गल्ली काही लिहिलेलं नाही. फक्त एकाला घेऊन येतोय, चारनंतर. त्याचा टर्नटेबल जड आहे, जिन्यावरच्या सायकली तेवढ्या बाजूला करून ठेवाल का?

तुमचा,
वंडरवॉलवाला