शीटवरचे बोटांचे आकडे ज्या त्या व्हॉइसला द्या

मा. संपादक, स.न.वि.वि.

आपल्या ठाण्यात हल्ली घोडबंदर रोडपासून कोपरीपर्यंत पियानो-कीबोर्डचे क्लास निघालेत, आनंदच आहे, पण क्लासमध्ये मुलांच्या हातात जी शीट पडतात त्याबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून हे पत्र. सर-मॅडम आता शीट स्वतः कॉम्प्युटरवर बनवतात, नौपाड्यात कुठेतरी झेरॉक्स काढतात आणि बोटांचे आकडे, म्हणजे फिंगरिंग (कुठला स्वर कुठल्या बोटाने ते सांगणारे, अंगठा १ ते करंगळी ५), सॉफ्टवेअरने जिथे टाकले तिथेच राहतात. हाताला एकच चाल असेल तर भागतं, पण एकाच हातात दोन व्हॉइस, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या दोन वेगळ्या चाली, आल्या की सगळा घोळ होतो.

समजा उजव्या हाताच्या ५ नंबरच्या बोटाने, म्हणजे करंगळीने, वरचा जी हा स्वर दोन मात्रा धरून ठेवायचाय आणि त्याचवेळी खाली आधी ई ३ ने, मग डी २ ने वाजवायचाय. आता तिन्ही आकडे स्टाफच्या, म्हणजे नोटेशनच्या पाच रेषांच्या, वर छापले तर पहिल्या मात्रेला ५ आणि ३ एकावर एक दिसतात, ते एकवेळ कळतं, पण दुसऱ्या मात्रेवर वर नुसता २ उरतो. मुलाला वाटतं हात सरकवायचाय, तो करंगळी उचलतो, जी सुटतो आणि वरची चाल तिथेच तुटते, मग घरी बोलणी, प्रॅक्टिस करत नाहीस म्हणून. अहो, छापलंय तसंच वाजवतोय तो!

खरं तर छापायचं असं: वरच्या व्हॉइसची दांडी (स्वराच्या चिन्हाला जोडलेली उभी रेष) वर तर आकडाही वर, खालच्याची दांडी खाली तर आकडाही खाली. मधल्या स्वराला जागाच नसेल तर आकडा त्याच्या डाव्या बाजूला. जर्मन संगीतकार बाखने १७२० साली आपल्या मुलासाठी वही सुरू केली, त्यातल्या एका छोट्या तुकड्यावर त्याने दोन्ही हातांचे आकडे घालून दिलेत, इतकं हे शिकवण्यात महत्त्वाचं आहे.

आणि पैसेही लागत नाहीत. लिलीपॉन्ड हे शीट बनवायचं सॉफ्टवेअर १९९६ पासून आहे, फुकट आहे, त्यात स्वर टाइप करून लिहायचे, स्वराच्या नावापुढे डॅश देऊन आकडा टाकला की झालं. मात्र दोन्ही व्हॉइस वेगवेगळे लिहून पहिला कुठला दुसरा कुठला ते सांगावं लागतं, मग आकडे आपोआप वर-खाली जातात. कॉर्डचे, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचे, आकडे डावीकडे घ्यायची सेटिंग टोकदार कंसातल्या (< >) स्वरांनाच लागते, म्हणून एकटा स्वर असला तरी कंसात घाला, इथे बरेच जण अडतात. दुसरं म्हणजे ही मांडणी प्रत्येक व्हॉइस आपापली करतो, शेजारच्या व्हॉइसचा आकडा कुठे आहे ते त्याला माहीतच नसतं, त्यामुळे दोघांचे आकडे डावीकडे घेतले तर एकमेकांवर चढतात, तिथे हाताने हलवण्याला पर्याय नाही. वेळ जातो, पण एकदाच जातो, आणि ती शीट पुढे कित्येक मुलं वापरणार असतात.

झेरॉक्स लहान करून काढू नका हेही सांगते, ३ आणि ५ रेषांत मिसळून जातात. (गिटारवाल्या घरांनी एक लक्षात ठेवा, तिथे डाव्या हाताचं १ म्हणजे तर्जनी, पियानोत १ म्हणजे अंगठा, एकाच घरात दोन्ही शिकत असतील तर हमखास गडबड होते.)

पालकांनीही शीट एकदा हातात घेऊन बघावी, नोटेशन येत नसलं तरी चालेल. एकाच ओळीत दांड्या वर आणि खाली अशा दोन्हीकडे निघाल्यात पण आकडे सगळे वरच आहेत असं दिसलं तर सरांना सरळ विचारा यातला खालच्या व्हॉइसचा आकडा कुठला, आणि त्यांच्याकडूनच पेनाने तो खाली लिहून घ्या.

- एक पियानो शिक्षिका, ठाणे (प.)