समाधानी असाल तर 1 दाबा

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स.न.वि.वि.

परवा आपल्या खात्याचा फोन आला. माणसाचा नव्हे, रेकॉर्ड केलेल्या आवाजाचा. "मिळालेल्या उपचारांबद्दल समाधानी असाल तर 1 दाबा." त्या वेळी मी हॉस्पिटलच्या बाकावर पाचवा तास मोजत होते आणि नाडी मिनिटाला 140 का 150, मोजता आली तेवढी, तीही वेडीवाकडी. बोटं थरथरत होती. काय दाबलं गेलं देव जाणे. आपल्या अहवालात मी समाधानी निघाले असेन, तर तेवढं खोडून घ्यावं.

मला सात वर्षांपासून एट्रियल फिब्रिलेशन आहे. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, मिनिटाला 300 ते 600 वेळा नुसते थरथरतात. माझ्या बाबतीत हे येतं नि जातं. परवा माझा नंबर लागेपर्यंत ते निघून गेलं होतं. ईसीजी निघाला तो अगदी शहाण्या मुलासारखा. डॉक्टर स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे. टेन्शन फार घेता का?" पुरुषाला धडधडलं की हृदयविकार, बाईला धडधडलं की टेन्शन! पक्षाघाताचा धोका मोजायच्या एका तक्त्यात मात्र बाई असण्याचा 1 गुण धरलाय. बाई म्हणून आयुष्यात फुकट मिळालेला हा एकच गुण.

असं निसटणारं दुखणं पकडायला होल्टर लावतात, म्हणजे दिवसरात्र अंगावर राहून ठोके टिपणारं यंत्र. "सहा महिन्यांत होल्टर मिळेल," असं आपण भाषणात म्हणाला होतात, त्याला चौदा महिने झाले. यंत्र आलंय म्हणे. खोक्यात आहे. चालवणाऱ्याचं पद मंजूर व्हायचंय.

माझी वही बघा. वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधावर असल्यामुळे आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, 2 ते 3 मध्ये राहायला हवा. शेवटचे तीन आकडे: 1.6, 3.8, 2.1. कमी झाला की गुठळीची भीती, वाढला की रक्तस्रावाची. 3.8 चा रिपोर्ट मला नवव्या दिवशी मिळाला. तोवर मी इमानेइतबारे तोच डोस घेत होते आणि सकाळी बेसिनमध्ये लाल थुंकत होते. वारंवार आयएनआर बघावा लागत नाही अशी औषधं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच अत्यावश्यक यादीत घेतली. आमच्या हॉस्पिटलात 2019 अजून उजाडलेलं नाही.

रात्री हे झोपले की मी मनगटावर बोटं ठेवून मोजत पडते. डाव्या कुशीवर वळायची सोय नाही, उशीतून ठोके ऐकू येतात. नातीला कडेवर घेणं सोडलं, एकटीने बाहेर जाणं सोडलं. यातलं आपल्या फॉर्ममध्ये काय विचारलंय? स्वच्छता, पिण्याचं पाणी, पार्किंग! या आजारासाठी 2011 पासून एएफईक्यूटी ही 20 प्रश्नांची प्रश्नावली आहे. धडधड किती सतावते, जिना चढवतो का, औषधांची धास्ती वाटते का, असं सगळं त्यात विचारतात. उपचारांच्या समाधानाचे प्रश्न शेवटचे दोन. आपण थेट तिथेच उडी मारलीत.

मी शिक्षिका होते. निकाल शंभर टक्के कसा लावतात ते मला शिकवू नका. काठावरची मुलं आधीच गाळायची की झालं. दवाखाना काय, शाळा काय, रस्ता काय, कागद स्वच्छ दिसला की वरच्याला झोप लागते, आणि त्या वरच्याच्याही वर कुणीतरी असाच कागदाची वाट बघत बसलेला असतो.

आयएनआरच्या रांगेत शेजारी बसणारे एक गृहस्थ फेब्रुवारीपासून दिसत नाहीत. उजवी बाजू गेली म्हणतात. या आजारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाच पट असतो, हे आपले अधिकारी सांगतीलच. त्यांनाही आला असेल फोन, 1 दाबायला.

माझी पुढची तारीख 19 आहे. तोवर यंत्र खोक्यातून निघालं तर कळवा. लेखी कळवा, फोन मी उचलणार नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका