सरळ चोचीचा फ्लेमिंगो

महोदय,

हुपरीत पैंजणांच्या डाय, म्हणजे नक्षी उठवायचे साचे, कोरण्यात माझी 40 वर्षं गेली. चांदीवर काहीही उठवलेलं दिसलं, की हात आधी भिंगाकडे जातो. दिवाळीत जावयांनी मखमली डबीतली चार ‘पक्षी नाणी’ आणली. दोन इथले पक्षी, दोन हिवाळी पाहुणे. टंच काढून पाहिला, चांदीत खोट नाही. खोट पक्ष्यांत!

फ्लेमिंगोची, म्हणजे आपल्या रोहितची, चोच बगळ्यासारखी सरळसोट. भिगवणला उजनीच्या पाण्यात हा पक्षी मी तासभर बघत बसलोय. डोकं उलटं करून वाकडी चोच चिखलात फिरवतो, तेव्हा कुठं त्याला खायला मिळतं. या नाण्यावरचा रोहित उपाशीच मरायचा. पट्टकादंबाच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे तर कोरलेच नाहीत. हिमालय ओलांडून येणारा हंस तो. पट्टे गेले की उरलं गावठी बदक. (जावयांना हे बोललेलो नाही.)

खरं तर याला नाणंही म्हणू नये. नाणं पाडायचा अधिकार सरकारचा, 2011 चा तसा कायदा आहे. सराफाचा तो नुसता ठसा. गांधीजींच्या जन्मशताब्दीचं, 1969 चं 10 रुपयांचं नाणं माझ्याकडे आहे. 15 ग्रॅम वजन, 80 टक्के चांदी. त्याला नाणं म्हणतात. ऑस्ट्रेलियात पर्थची टांकसाळ 1990 पासून चांदीच्या नाण्यावर कुकाबुरा काढते. आपल्या खंड्याचाच तो भाऊबंद.

आपल्या टांकसाळीनंही पक्ष्यांची अशी मालिका काढावी आणि पहिला मान रंकाळा तलावावरच्या वारकरी पक्ष्याला द्यावा. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा. चांदीसाठीच घडलाय म्हणा ना! अंग ऑक्सिडाइज करून काळं करायचं, टिळ्याला तेवढी झिलई द्यायची. राधानगरीचा धनेश दुसरा.

सराफांना एवढंच सांगणं, की दोष कारागिराच्या माथी मारू नका. त्याच्या हातात मोबाइलवरचा पुसट फोटो देता आणि उद्या डाय मागता. पक्ष्याचा बाजूनं काढलेला चांगला फोटो द्या, पक्षी ओळखणाऱ्या कुणाला तरी नमुना दाखवा आणि आठ दिवस द्या. वारकऱ्याची डाय कुणाला हवी असेल तर मी फुकट कोरून देईन. भिंगातून अजून नीट दिसतंय.

– एक निवृत्त चांदी कारागीर, हुपरी (जि. कोल्हापूर)