जांबोटी रस्त्यावरच्या सायकलवाल्या काकांना

काका, शि. सा. नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, ठाऊक आहे. नात वाचून दाखवील म्हणून इथं लिहितोय. चार माणसांनी वाचलं तरी बरंच.

गेल्या पावसाळ्यात किणयेच्या पुढं माझा डिरेलर हँगर, म्हणजे मागचा गिअर सायकलला धरून ठेवणारा तुकडा, वाकला, गिअर उड्या मारायला लागले, तेव्हा सायकल ढकलत तुमच्या दुकानात आणली. असली सायकल तुम्ही पहिल्यांदाच हातात धरत होता. तरी चाकाच्या रिमवर नजर ठेवून तो ॲल्युमिनियमचा तुकडा जरा जरा करत सरळ केलात. पैसे विचारले तर म्हणालात, "ऱ्हाऊ दे. तू पुढं जातोस, माझा चहा पिऊन होतो, गिलास विसळून होतो, मग तो दुसरा येतो. भांडण हाय काय रे तुमचं?"

भांडण नव्हतं. तो माझा मावसभाऊ, आणि आम्ही जोडीनं हिमाचलातल्या शर्यतीची तयारी करत होतो! दक्षिण आफ्रिकेतल्या केप एपिक या जोडीच्या सायकल शर्यतीत 8 दिवस दोघांनी बरोबर राहायचं, 2 मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडलं की दंड, हे मी त्याला कितीदा सांगितलं असेल. आमच्या शर्यतीतही वेळ मागून येणाऱ्याचीच धरणार होते. पण कुसमळीचा पूल ओलांडून चढ लागला की मी आपला सुसाट. हार्टरेटचे आकडे बघण्यात मागं बघायचं राहूनच जायचं.

तुम्ही खुंटीवरची जुनी ट्यूब काढलीत. एक टोक माझ्या सीटखाली, दुसरं त्याच्या हँडलला. "कणकुंबीपर्यंत जावा. तुटली तर दोघंबी परत या." ट्यूब ताणली की सीट मागं ओढल्यासारखी वाटे. मग पाय आपोआप हलका पडायचा. पहिल्या दिवशी दोनदा तुटली, तीही माझ्याच घाईनं. पंधरवड्यात ती सैल लोंबायला लागली.

खाण्याचंही तुमचंच ऐकलं. दुधाच्या किटल्या लावून तुम्ही बेळगावला जायचा तेव्हा भूक लागायच्या आधीच थांबून भाकर खायचा. आम्ही दर 40 मिनिटांनी गूळ-शेंगा खायला लागलो. (खिशात कुंद्याची मिठाई ठेवायची कल्पना माझी होती. तिच्याबद्दल न बोललेलंच बरं.) लाल चिखलानं एका दिवसात ब्रेक पॅड खाल्ले, तेव्हा "पानी मारल्याशिवाय सायकल आत घ्यायची नाही" म्हणून ओरडलात. तो ओरडा दोघांनीही खाल्ला.

शर्यतीत नंबर आला नाही, हे भावानं सांगितलंच असेल. त्यानं जे सांगितलं नसेल ते मी सांगतो. तिसऱ्या दिवशी चढावर माझ्या पायातलं बळच गेलं. डोळ्यांपुढं अंधारी. तो पुढं होता, पण थांबला, काही बोलला नाही, बॅगेतून तुमची ट्यूब काढली आणि माझ्या हँडलला बांधली. बांधताना हसत मात्र होता गधडा. शेवटच्या रेषेपर्यंत ओढत नेलं मला.

काका, ट्यूब आता सहा ठिकाणी गाठी मारलेली आहे. रविवारी परत आणून देतो. चहा टाकाल तेव्हा तीन गिलास एकदमच भरा.

तुमचा,
किणयेला गिअर मोडलेला