भरतीची तयारी जाहिरातीआधी सुरू व्हावी

महोदय,

पोलीस भरतीची जाहिरात आली, की दुसऱ्याच पहाटे तालुक्याच्या गावांतील मैदाने आणि बाह्यवळण रस्ते मुलामुलींनी भरून जातात. त्यांची जिद्द कौतुकाचीच आहे. परंतु वर्षभर पळण्याची सवय नसलेली मुले पहिल्याच दिवशी घड्याळ लावून डांबरी रस्त्यावर १६०० मीटर जीव तोडून धावतात, हे पाहिल्यावर शारीरिक शिक्षणाचा निवृत्त शिक्षक म्हणून लिहिणे भाग पडले.

मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण मुलांना १६०० व मुलींना ८०० मीटर धावण्यासाठी असतात, तेव्हा घाई समजण्यासारखी आहे. मात्र नियमित धावू लागल्यावर दम काही आठवड्यांतच वाढतो, तर नडगीचे हाड आणि टाचेमागची शीर तो ताण पेलण्याइतकी बळकट व्हायला काही महिने जातात. दम पुरतो म्हणून मुले वेग आणि अंतर दोन्ही एकदम वाढवतात आणि नेमकी तेव्हाच नडगी धरते. आतल्या बाजूने लांबवर ठणका असेल, तर तो विश्रांतीने बहुधा ओसरतो. पण बोटाच्या पेराएवढ्या एकाच जागी दाबल्यावर कळ येत असेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याची शक्यता असते. अशा वेळी बाम चोळून पळत राहण्याऐवजी डॉक्टरांना दाखवावे.

जॉश क्लार्क या अमेरिकी तरुणाने १९९६ मध्ये नवशिक्यांसाठी ९ आठवड्यांचा जो क्रम आखला, तो पुढे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेनेही स्वीकारला. आरंभी ५ मिनिटे झपाझप चालायचे, मग ६० सेकंद सावकाश धावणे आणि ९० सेकंद चालणे असे आलटून पालटून २० मिनिटे करायचे, तेही आठवड्यातून तीनच दिवस. धावताना सोबत्याशी एखादे वाक्य न अडखळता बोलता यावे, एवढाच वेग ठेवावा. शेवटच्या आठवड्यात सलग अर्धा तास धावता येते. वेळ मोजण्याचा सराव त्यानंतरचा. मधेच चालायला मुलांना कमीपणा वाटतो, विशेषतः रस्त्याच्या कडेला बघे उभे असले की, आणि काही प्रशिक्षकही त्याला आळस समजतात.

२०१४ मध्ये मुंबईतील भरतीत ५ किलोमीटरच्या चाचणीदरम्यान उमेदवार दगावले आणि पुढे अंतर कमी करण्यात आले. तो निर्णय योग्यच होता, पण अंतर कमी म्हणजे वेग जास्त, त्यामुळे पूर्वतयारीची गरज काही कमी झालेली नाही.

भरती अकादम्यांनी नव्या तुकडीच्या हाती पहिले दोन महिने घड्याळ देऊ नये आणि ग्रामपंचायतींनी शाळेच्या मैदानाभोवती मातीची धावपट्टी आखून ती रोज पहाटे खुली ठेवावी, अशी विनंती आहे. पालकांनीही जाहिरातीची वाट न पाहता मुलांना आतापासूनच मैदानावर पाठवावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा